न नोंदलेली कैफियत

प्रमेहाची कारणे सांगताना चरकाचार्यांनी सुखाचे आसन, सुखाची निद्रा, दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली. तेव्हापासून हा रोग ज्याच्या घरी कशाला कमी नाही अशा माणसाचा, ही समजूत आपल्याकडे जी ठाण मांडून बसली आहे ती अद्यापि पुरती हललेली नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील विद्वान वैद्यांची समजूत याहून फारशी निराळी नव्हती. मधुमेह हा सुस्थितीतल्या, बैठा व्यवसाय करणाऱ्या शहरी माणसांचा, त्यातही विशेषेकरून ज्यू समाजाचा रोग आहे, आणि कृष्णवर्णीय लोक स्वभावतःच निश्चिंत असल्यामुळे त्यांना तो क्वचितच होतो, असे ही मंडळी गंभीरपणे लिहीत असत. ज्या शेतमजुरिणीची लघवी कधी कोणी तपासलीच नाही तिच्या लघवीत साखर सापडणार कशी, हा प्रश्न त्या गांभीर्याच्या आड येत नसे.

पुढे काळ पालटला. आज अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रौढांत मधुमेहाचे निदान झालेल्यांचे प्रमाण शेकडा १२ च्या घरात आहे, गोऱ्या प्रौढांत ते शेकडा ७ च्या आसपास भरते. आणि मूत्रपिंडे निकामी होणे, पाय कापावा लागणे इथपर्यंत मजल गेली की ही तफावत अधिकच रुंदावते. रोगाने बिऱ्हाड बदलले, पण त्याच्याबरोबर चिकटलेला आरोप मात्र सुटला नाही. पूर्वी तो विलासाचा होता, आता तो बेफिकिरीचा झाला. तुम्हांला हा रोग होतच नाही असे एकेकाळी सांगणारे शास्त्र दोन-तीन पिढ्यांच्या आत, तुम्ही तो आपल्या हाताने ओढवून घेतला, असे सांगू लागले, आणि दोन्ही वेळी जिच्याविषयी हे बोलणे चालले होते तिची जबानी घेण्याची गरज कोणाला भासली नाही.

आफ्रिकन-अमेरिकन मधुमेही स्त्रीच्या मनोघाताविषयी, म्हणजे तिच्यावर ओढवलेल्या आघातांच्या मागे उरलेल्या दुखण्याविषयी लिहिलेला हा ग्रंथ वाचकांपुढे ठेवताना एवढी पार्श्वभूमी देणे मला अगत्याचे वाटले, कारण ग्रंथकर्त्रीचा सारा युक्तिवाद या एका उणिवेवर उभा आहे. दवाखान्याच्या दप्तरात मधुमेही रुग्णाचे जे खाते असते त्यात तिच्या आचरणाचा हिशेब काटेकोर मांडलेला असतो: काय खाल्ले, गोळी चुकली का, वजन किती वाढले, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर किती. हिशेब जुळला नाही की समासात शेरा पडतो की रुग्ण सूचना पाळत नाही. तिने काय केले याची इतकी बारकाईने वसुली करणारे हे दप्तर तिच्या बाबतीत काय घडले याविषयी मात्र एक ओळही राखून ठेवत नाही. ग्रंथकर्त्रीचे म्हणणे असे की ती ओळ कोरी राहते म्हणूनच बाकीचा हिशेब चुकतो. आणि पुढील प्रकरणे वाचून झाल्यावर मीही, काही ठिकाणी मतभेद राखून, त्याच निष्कर्षाशी येऊन पोचलो आहे.

ही कोरी ओळ आजकालची नाही. सन १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने प्रसूतीत झालेली इजा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, वारंवार करून सिद्ध केली. त्यांपैकी अनार्का नावाच्या एकीवर ती सुमारे तीस वेळा झाली. त्या स्त्रियांपैकी तिघींची नावे, अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी, आपल्याला ठाऊक आहेत ती सिम्सने स्वतः लिहून ठेवली म्हणून. त्या काय म्हणाल्या हे लिहून ठेवणारा कोणी नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळील सिम्सचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला, म्हणजे एवढ्या अवधीनंतर का होईना, त्या मौनाची दखल घेतली गेली. टस्कीगी येथील उपदंशाच्या कुप्रसिद्ध पाहणीची हकीकत आपल्याकडील सुशिक्षित वाचकांनाही माहीत असते: १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष निरीक्षणाखाली ठेवले गेले, आणि त्यांतल्या रोग्यांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचार दिले गेले नाहीत. परंतु त्या पुरुषांना बायका होत्या, त्यांपैकी काहींना हा रोग नवऱ्याकडून लागला, आणि सरकारी भरपाईच्या यादीत त्यांचा समावेश मागाहून झाला, ही बाब हकीकत सांगताना बहुधा गळून जाते. ज्या समाजाच्या स्मरणात अशा गोष्टी घरातल्या गोष्टींप्रमाणे वावरतात, त्या समाजातील स्त्री दवाखान्याची पायरी चढताना अडखळते, तेव्हा तिच्या अडखळण्याला अज्ञान हे एकच नाव देणे न्यायाचे नाही.

या विषयाचा पुराव्यानिशी विचार ज्या मोजक्या ठिकाणी झाला त्यांत अटलांटा शहरातील ग्रेडी स्मृतिरुग्णालय हे अग्रगण्य आहे, आणि त्याची वास्तूच एक मोठी साक्ष देते. १८९२ साली सुरू झालेल्या या सार्वजनिक रुग्णालयाला तेथील कृष्णवर्णीय नागरिक पुष्कळ काळ अनेकवचनी नावाने ओळखत, कारण गोऱ्यांसाठी एक आणि त्यांच्यासाठी दुसरे अशी ती दोन रुग्णालयेच एका नावाखाली नांदत होती; १९५८ साली नवी टोलेजंग इमारत उभी राहिली तीही या विभागणीसह, आणि हा शिरस्ता मोडायला १९६० नंतरचे दशक अर्धे उलटावे लागले. याच रुग्णालयात एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात एक उपक्रम हाती घेतला. मनोविकाराच्या विभागात आपणहून आलेल्या रुग्णांना न विचारता, साध्या तपासणीसाठी किंवा स्त्रीरोगाच्या दवाखान्यात आपला क्रमांक येईपर्यंत बाकावर बसून राहिलेल्या सामान्य माणसांजवळ जाऊन त्यांनी विचारपूस केली. हे लोक बहुतांशी आफ्रिकन-अमेरिकन आणि गरीब होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात १२५६ व्यक्तींची माहिती आहे. त्यांपैकी शेकडा ८८ जणांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा गंभीर आघात अनुभवला होता, आणि शेकडा ४६ जणांमध्ये आघातोत्तर तणावविकार आयुष्यात कधीतरी आढळण्याजोगा होता. रणांगणावरून परतलेल्या सैनिकांशी ज्या विकाराचे नाव लोक जोडतात तो येथे रक्तदाब मोजून घ्यायला आलेल्या माणसांच्या रांगेत बसलेला होता, आणि पुढे त्याच उपक्रमाची दृष्टी मधुमेही स्त्रियांकडेही वळली.

आता, दुःखाने साखर वाढते काय, हा प्रश्न वाचक विचारील, आणि त्याने तो विचारावाच. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने दीर्घकाळच्या शोकाला मधुमेहाच्या कारणांत स्थान दिले होते. पण त्याचे ते मत पुढील शास्त्राने पुष्कळ काळ नोंदवहीच्या तळाशी टाकून दिले. आजचे शरीरशास्त्र त्या मताकडे थोड्या आदराने पाहते. भयाच्या क्षणी अधिवृक्क ग्रंथी जे स्राव रक्तात सोडतात, त्यांतील कॉर्टिसॉल हा यकृताला साखर तयार करून रक्तात सोडण्याचा हुकूम देतो आणि इन्सुलिनचे काम जड करतो. धावायचे किंवा झगडायचे असेल तर शरीराची ही तजवीज शहाणपणाचीच आहे. परंतु जिथे भय एका प्रसंगाचे नसून रोजचे आहे, जिथे नवऱ्याच्या पावलांचा आवाज, पोलिसांची गाडी, घरमालकाचे पत्र आणि मुलाला घरी यायला झालेला उशीर यांपैकी काही ना काही दर दिवशी ठरलेले आहे, तिथे तो हुकूम मागे घेतलाच जात नाही. त्यात मोडलेली झोप, मन शांत करण्यासाठी केलेले खाणे आणि उदासपणामुळे गळून गेलेली उमेद यांची भर पडते. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीत, सुमारे ५० हजार स्त्रियांची माहिती २२ वर्षे पाहिल्यावर, आघातोत्तर तणावाची लक्षणे ज्यांच्यात सर्वांत अधिक होती त्यांना मधुमेह होण्याचा संभव, आघात न अनुभवलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, जवळजवळ दुप्पट दिसला, आणि वाढलेले वजन व नैराश्यावरील औषधे यांचा वाटा त्यात सुमारे निम्मा होता. त्या परिचारिका मात्र बहुतेक गोऱ्या होत्या.

ही उणीव भरून काढणारे काम बॉस्टन आणि हॉवर्ड या दोन विद्यापीठांनी १९९५ पासून चालविलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्य-पाहणीने केले. ५९ हजार स्त्रिया त्या पाहणीत सामील झाल्या, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग म्हणून योजकांनी मुख्यतः ‘इसेन्स’ या स्त्रियांच्या मासिकाच्या वर्गणीदारांची यादी वापरली. ही युक्ती मला फार आवडली. सरकारी यादीपेक्षा आपल्या आवडीच्या मासिकावर माणूस अधिक विसंबतो, हे ओळखणारा संशोधक निम्मे काम आधीच करून बसलेला असतो. या पाहणीतून २०१७ साली जे निष्पन्न झाले ते असे की दुकानात, उपाहारगृहात, रस्त्यावर रोजच्या व्यवहारात वाट्याला येणारा वर्णद्वेष ज्यांनी सर्वांत अधिक सांगितला, त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण सर्वांत कमी सांगणाऱ्यांच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होते. सततच्या सामाजिक जाचाने कृष्णवर्णीय स्त्रीचे शरीर वयाच्या आधी झिजते, हे अनुमान आर्लाइन जेरोनिमस या विदुषीने १९९२ सालीच मांडले होते. या आकड्यांनी त्याला बळ दिले.

येथे एक इशारा देणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य समजतो. संभव वाढणे निराळे आणि कार्यकारणाचा निवाडा निराळा. आघात सोसलेल्या असंख्य स्त्रियांना मधुमेह होत नाही, आणि मधुमेह झालेल्या असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आयुष्यात सांगण्याजोगा आघात नसतो; त्यांच्या आईलाही साखर होती, किंवा त्यांच्या वस्तीत ताजी भाजी मिळत नाही, किंवा नोकरी रात्रपाळीची आहे, एवढीच त्यांची गोष्ट असते. ग्रंथकर्त्री दोन-तीन ठिकाणी आवेशाच्या भरात ही मर्यादा ओलांडते असे मला वाटते. प्रत्येक कृष्णवर्णीय स्त्रीला जखमी ठरवून तिच्याकडे करुणेने पाहणे, हा तिला बेफिकीर ठरविण्याचाच एक सभ्य प्रकार होऊन बसेल.

ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो तो सिद्धांताचा नसून दवाखान्यातल्या बारकाव्यांचा. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर एकदम उतरली म्हणजे हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. आणि जिला जुना आघात अधूनमधून झडप घालतो तिलाही अगदी हेच होते. मग ती ओळखणार कसे, की हे शरीराचे आहे की मनाचे? एकदा रात्री अशा भयात जागी झाल्यावर ती इन्सुलिनची मात्रा आपणहून कमी करते, साखर चढीच ठेवणे तिला सुरक्षित वाटते, आणि तीन महिन्यांनी समासात तोच शेरा पडतो. वैद्य म्हणतो, रोज अर्धा तास चाला. ज्या गल्लीत भावाला गोळी लागली तिथून चालायचे असते. ज्या स्त्रीवर लहानपणी अत्याचार झाला तिला, परक्या माणसापुढे कपडे उतरवून पाय, त्वचा, पोट दाखवणे, सुया टोचून घेणे आणि वर बोलणे खाणे, हा सारा तपासणीचा क्रम कशाची आठवण देत असेल, याचा विचार वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नाही. ती पुढची तारीख चुकवते. मधुमेहाचे ओझे रोज वाहण्यातून येणारा वैताग हा नैराश्याहून वेगळा धरून मोजला पाहिजे, हे विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले. परंतु तो वैताग आणि त्याच्याखाली दबलेले जुने भय यांची गाठ मोजण्याचे माप अजून घडते आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात, जेथे रक्तवाहिनी वाचविण्याचा प्रयत्न होण्याआधीच पाय कापले जातात असे डॉ. फोलुसो फाकोरेडे यांनी २०२० साली जगापुढे आणले, तेथे उशिरा येणाऱ्या रुग्णाला दोष देणे सर्वांत सोपे असते, आणि सर्वांत महाग पडते.

याच जोडीला आणखी एक गोष्ट येते, आणि ती मराठी वाचकाला चटकन ओळखीची वाटेल. आपल्याकडे एखाद्या स्त्रीला सोशिक म्हटले की तिच्या तक्रारीचा मामला निकालात निघतो, तशीच अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीची, ती खंबीर आहे, अशी स्तुती करण्याची रीत आहे. शेरिल वुड्स-जिसकॉम्बे यांनी २०१० साली या स्तुतीचे घटक वेगळे करून दाखविले: खंबीर दिसण्याची सक्ती, भावना दाबून ठेवणे, कोणाच्या आधाराला नकार, साधनांच्या तुटवड्यातही यशस्वी होण्याचा अट्टहास, आणि स्वतःच्या आधी इतरांचे करणे. या यादीतील शेवटचे कलम मधुमेही स्त्रीच्या बाबतीत प्राणघातक ठरते, कारण घरातल्या सगळ्यांची औषधे वेळेवर देणारी बाई स्वतःचे इन्सुलिन संपले असता महिनाअखेरपर्यंत थांबते. गुलामगिरीत आणि त्यानंतरच्या कुळवहिवाटीत तगून राहण्यासाठी हा खंबीरपणा अपरिहार्य होता यात शंका नाही. पण त्याची स्तुती ज्यांच्याकडून होते त्यांची त्यातून बरीच सोय होते, हेही तितकेच खरे.

प्रसिद्धीच्या शिखरावरही हा शिरस्ता चुकत नाही, याचे उदाहरण म्हणून ग्रंथकर्त्रीने गायिका एला फिट्झजेराल्डची निवड केली आहे, ती मला मार्मिक वाटली. १९१७ साली जन्मलेल्या या मुलीची आई १९३२ साली वारली; त्यानंतर ती शाळा चुकवू लागली, अनाथगृहात गेली आणि तेथून न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहात, जेथे कृष्णवर्णीय मुलींना वेगळे ठेवले जाई आणि मारहाण होई. १९३४ च्या नोव्हेंबरात हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहातील हौशी गायकांच्या स्पर्धेत ती जिंकली, आणि पुढे सहा दशके जगाने तिचा निर्मळ, हसरा आवाज ऐकला. सुधारगृहाच्या दिवसांविषयी ती जाहीरपणे जवळजवळ काहीच बोलली नाही. तिच्या मृत्यूनंतर एका वार्ताहराने ते प्रकरण धुंडाळून काढले. मधुमेहाने आधी तिची दृष्टी मंदावली, १९९३ साली दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, आणि १९९६ च्या जून महिन्यात तिचे निधन झाले. एकातून दुसरे उद्भवले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ग्रंथकर्त्रीही तसे म्हणत नाही. तिच्या हयातीत तिच्या दुखण्याचा तपशील सर्वत्र छापला गेला आणि तिच्या पोरवयाचा कोठेच नाही, एवढ्याकडेच ती बोट दाखवते.

मराठी वाचकाने हे का वाचावे, असा प्रश्न कोणी केलाच तर जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली या १८७३ सालच्या गोष्टीकडे सगळेच निर्देश करतात. मी दुसऱ्या एका दाराकडे बोट दाखवीन. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्याच महाविद्यालयातून १८६७ साली रेबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. कोल पुढे न्यूयॉर्कच्या चाळवजा वस्त्यांत घरोघर जाऊन गरीब बायकांना बाळंतपण आणि आरोग्य यांचे पाठ देत असे. घरात पाऊल टाकणारी वैद्य जे पाहते ते मेजामागे बसलेल्या वैद्याला दिसत नाही, आणि या ग्रंथाची परंपरा खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

त्या परंपरेचा पुढचा मोठा टप्पा म्हणजे बिली एव्हरी यांनी १९८३ साली अटलांटातील स्पेलमन महाविद्यालयात भरविलेली कृष्णवर्णीय स्त्रियांची आरोग्य-परिषद. तिच्यातून जी लहान लहान मंडळे देशभर निघाली, तेथे बायका आजारांविषयी बोलायला जमत आणि बोलणे रंगू लागले की घरातल्या मारहाणीवर आणि बालपणीच्या अत्याचारांवर येऊन थांबत, असा एव्हरी यांचा अनुभव होता. संशोधकांच्या प्रश्नावल्या यायच्या कितीतरी आधी बायकांनी आपली कैफियत एकमेकींजवळ रुजू केली होती.

शेवटी माझी एक हरकत नोंदवितो. प्रत्येक मधुमेही स्त्रीला तिच्या आघातांविषयी विचारलेच पाहिजे, असा ग्रंथकर्त्रीचा आग्रह आहे, आणि तत्त्वतः तो मान्य होण्यासारखा आहे. पण विचारल्यावर उत्तर आले तर पुढे काय, याची तजवीज तिने पुरेशी सांगितलेली नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०१५ च्या सुमारास शेकडा ४ च्या आसपास होते. गरिबांना सरकारी खर्चाने वैद्यकीय मदत देणारी मेडिकेड योजना २०१० च्या कायद्याने विस्तारली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडल्यावर मिसिसिपी, अलाबामा यांसारख्या राज्यांनी तो आजवर स्वीकारलेला नाही, आणि नेमक्या याच राज्यांत या ग्रंथातील स्त्रिया मोठ्या संख्येने राहतात. पंधरा मिनिटांच्या भेटीत एखादीची तीस वर्षांची जखम उघडून, पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात देऊन तिला परत पाठविणारा दवाखाना न विचारणाऱ्या दवाखान्याहून बरा, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथकर्त्रीने या प्रश्नाला एक स्वतंत्र प्रकरण द्यावे, आणि ते लिहिण्यापूर्वी मिसिसिपीतील जॅक्सनपासून अलाबामातील मोबीलपर्यंतच्या परिचारिकांना, समाजसेविकांना आणि चर्चमधील स्वयंसेविकांना, प्रश्न विचारून झाल्यावर त्या प्रत्यक्षात काय करतात, हे विचारून घ्यावे.